डेलिगेट म्हणून अधिवेशनाला गेलात, तर तिथं नक्की केलंत काय?

मागवाला

रायपूरहून परत आलो त्या रात्री आईनं ताटात भाकरी टाकता टाकता विचारलं, "तिथं तू काय बोललास?"

"काय नाही."

"मग मत दिलास?"

"हात वर केला."

"कोण मोजलं?"

आई चौथी शिकलेली. पण विणकर सोसायटीच्या निवडणुकीत एकदा अख्खं पॅनेल पाडलेली बाई आहे, त्यामुळे तिचे प्रश्न असेच असतात. त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. म्हणून हा धागा.

आधी खुलासा. मी काँग्रेसचा. धागा प्रचाराचा नाही आणि रडगाण्याचाही नाही. कुठल्याही पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला जाऊन आलेल्यांनी लिहावं, एवढीच इच्छा.

आमच्याकडे ब्लॉकमागे एक प्रतिनिधी प्रदेश समितीवर जातो. पक्षाध्यक्ष निवडायचं मत याच प्रतिनिधींना, आणि महाअधिवेशनात बसायचा हक्कही यांनाच. माझं नाव कसं लागलं? दोन वजनदार नावं एकमेकांना अडली, आणि दोघांनाही ज्याचा त्रास नाही असा माणूस शोधताना सोलापुरात अक्कलकोट रोडवर बारा यंत्रमाग चालवणारा मी सापडलो. लाजण्यासारखं काही नाही. बरेच जण असेच लागतात.

मत म्हणाल तर ते एकदा खरंच दिलं. १७ ऑक्टोबर २०२२. रविवारी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसनं निघालो, सकाळी दादरला उतरलो, टिळक भवनात, म्हणजे प्रदेश काँग्रेसच्या ऑफिसात, रांग. गळ्यात क्यूआर कोडचं ओळखपत्र. मतपत्रिकेवर दोन नावं, खर्गे आणि थरूर. आधी सूचना होती की पसंतीच्या नावापुढे '१' लिहायचा. थरूर यांच्या बाजूनं हरकत आली की खर्गेंचं नाव यादीत पहिलं असल्यानं '१' म्हटलं की गोंधळ होईल. मग बरोबरची खूण करायचं ठरलं. मी ती खूण इतकी जपून केली की शाळेत पेपर तपासणारे गुरुजी आठवले. पेटी दिल्लीला गेली. मोजणीआधी सगळ्या राज्यांच्या मतपत्रिका एकत्र मिसळल्या, म्हणजे कुठल्या राज्यानं कुणाला दिलं ते कळू नये. १९ तारखेला निकाल. खर्गे ७,८९७, थरूर १,०७२, बाद ४१६. या ४१६ चं मला अजून नवल वाटतं. हात वर करायची सवय झाली की पेन धरता येत नाही की काय!

रायपूरचं ८५ वं महाअधिवेशन पुढच्याच फेब्रुवारीत, २४ ते २६ तारखेला. निघताना पार्क चौकात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घातला, फोटो काढला, तो फोटो माझ्यापेक्षा आधी रायपूरला पोचला. सोलापूरहून दौंड, दौंडला आझाद हिंद एक्सप्रेस. दुसऱ्या दिवशी डब्यात एकाएकी सगळ्यांचे फोन वाजायला लागले. आमचे प्रवक्ते पवन खेडांना दिल्लीत रायपूरच्या विमानातून उतरवल्याची बातमी. तोवर डबा म्हणजे वरातीचा डबा होता. तिथून पुढे दुर्ग येईपर्यंत पत्ते बंद झाले आणि राजकारण सुरू झालं.

नवा रायपूर म्हणजे मोकळं माळरान आणि रुंद रस्ते. चालणं फार. मी नवीन बूट घालून गेलो होतो, हा माझा शहाणपणा. दुसऱ्या दिवशी दोन्ही टाचांना फोड. प्रियांका गांधींच्या स्वागताला रस्त्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा थर अंथरला होता, त्यावरून मी चप्पल हातात घेऊन चाललो. भक्तीनं नाही, टाचांमुळे.

२४ लाच कळलं की कार्यसमितीची, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीची, निवडणूक होणार नाही, सुकाणू समितीनं नेमणुकांचा अधिकार अध्यक्षांना दिला आहे. मग घटनादुरुस्ती आली. कार्यसमिती वाढवून ३५ ची, आणि निम्म्या जागा अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला आणि तरुणांसाठी. राजकीय, आर्थिक, आंतरराष्ट्रीय, शेती, सामाजिक न्याय, तरुण आणि रोजगार असे सहा ठराव. हात वर, हात खाली. सोनिया गांधींचं भाषण झालं तेव्हा मांडवात खरी शांतता होती, ती ऐकण्यासारखी होती.

आता खरी गोष्ट. माझ्या खिशात घडी घातलेला एक कागद होता. यंत्रमागावर, दीड पान. आर्थिक ठरावावर बोलायला मिळालं तर दोन मिनिटांत वाचू, असं ठरवून गाडीत तीनदा लिहिलेला. मी नाव द्यायला गेलोच नाही. हिंदी अडखळेल, शेजारच्या खुर्च्यांवर माजी मंत्री बसलेत, आपण कोण... असं करत तीन दिवस गेले. कुणी अडवलं नव्हतं. कागद तसाच घडी घालून परत आला.

तर, तुम्ही जाऊन आला असाल तर सांगा. तुमचा हात कोण मोजलं?

कडक_भाकरी

मालक, लई भारी लिहिलाव. पण मुख्य माहिती राहिली की. डब्यात शेंगाचटणी किती किलो होती?

मागवाला

दीड किलो. नागपूरपर्यंत संपली. विदर्भातली मंडळी "तिखट नाही" म्हणत म्हणत डबा पुसून गेली.

जुनं_गाव

चांगला धागा. "कोण मोजलं" याला इतिहासात बरीच उत्तरं आहेत.

१८८५ च्या पहिल्या अधिवेशनाला ७२ प्रतिनिधी होते. ठरलं होतं पुण्याला, पटकीची साथ आली म्हणून मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलं. या ७२ जणांना कुणी रीतसर निवडून पाठवलं नव्हतं. ज्याला जाण्याची ऐपत आणि इच्छा, तो प्रतिनिधी. पुढे पस्तीस वर्षं असंच सैल चाललं. अधिवेशन ज्या गावात, त्या प्रांताचे लोक मांडवात भरमसाट, म्हणजे बहुमत कुणाचं हे गाव ठरवल्यावरच निम्मं ठरायचं. १९०७ साली नागपूरचं अधिवेशन सुरतेला हलवलं, त्यामागे जहाल-मवाळांचा हाच हिशेब होता. तिथं हात मोजायची वेळच आली नाही, व्यासपीठावर जोडा आला आणि खुर्च्या उडाल्या.

डेलिगेट या शब्दाला अर्थ आला १९२० च्या नागपूर अधिवेशनानं. तिथंच चौदा हजारांवर प्रतिनिधी जमले होते, आणि तिथंच नवी घटना झाली. भाषेप्रमाणे प्रांतिक समित्या, आणि साधारण पन्नास हजार लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी. म्हणजे माणूस आता कुणाच्या तरी वतीनं येऊ लागला.

आणि मोजलेल्या हातांची ताकद बघायची तर १९३९ ची अध्यक्षपदाची निवडणूक. सुभाषबाबू १,५८०, पट्टाभी १,३७७. मतदान आपापल्या प्रांतात झालं होतं, त्रिपुरी अधिवेशनाच्या मांडवात नव्हे. गांधीजींनी पट्टाभींचा पराभव हा माझा पराभव म्हटलं, आणि तीन महिन्यांत जिंकलेल्या अध्यक्षाला राजीनामा द्यावा लागला. म्हणजे नीट मोजूनही काय होतं बघा. १९५० ला टंडन १,३०६, कृपलानी १,०९२, आणि आपले शंकरराव देव २०२. हे दोनशे दोन कोण होते याचं मला फार कुतूहल आहे.

तुम्ही फैजपूरला हवे होतात. डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. तिथं दीड पानाचा कागद घेऊन आलेले पुष्कळ असतील.

मागवाला

१९९७ विसरलात. केसरी ६,२२४, पवार ८८२, पायलट ३५४. आमच्या पेठेत तेव्हा या आकड्यांवर दोन महिने चहा प्यायला गेला.

हजारी

मी डाव्या पक्षाची. आई विड्या वळायची, मीही वळलेय, म्हणून हे नाव. हजार विड्यांवर मजुरी ठरते, बाहेरच्यांसाठी सांगते.

मी मार्क्सवादी पक्षाच्या २४ व्या काँग्रेसला गेले होते, मदुराई, २ ते ६ एप्रिल २०२५. आमच्याकडे अधिवेशनाला काँग्रेस म्हणतात. घरी सांगितलं "काँग्रेसला चालले", तर सासूबाई घाबरून म्हणाल्या, पक्ष बदललीस का गं!

सोलापूरकरांना मदुराई सोपी. मुंबईहून नागरकोईलला जाणारी गाडी आपल्याच स्टेशनातून जाते, बदलायची भानगड नाही. गुंतकलपर्यंत डब्यात तेलुगू, म्हणजे माझी घरची भाषा, पुढे तमिळ सुरू झाली की मी गप्प.

आमची रीत वेगळी. राजकीय ठरावाचा मसुदा दोन महिने आधी जाहीर होतो. शाखेत वाचायचा, दुरुस्त्या लिहून वर पाठवायच्या. शाखा, मग लोकल, मग जिल्हा, मग राज्य अशा परिषदा होत होत प्रतिनिधी निवडला जातो. म्हणजे अधिवेशनाचं निम्मं काम दत्त नगरच्या ऑफिसात गोधडीवर बसून झालेलं असतं. तिकडं पोचल्यावर बोलायला राज्यागणिक वेळ वाटून मिळतो, प्रतिनिधी जास्त तर वेळ जास्त. महाराष्ट्राला मिळणारी मिनिटं मोजकीच. म्हणून रात्री राज्याची बैठक बसते, कोण बोलणार आणि कुणाचे मुद्दे त्यात घालायचे हे ठरतं. मला झोप आलेली, तरी मी विडीच्या मजुरीचा मुद्दा घालायला लावला. दुसऱ्या दिवशी आमच्या राज्याच्या भाषणात तो एका वाक्यात आला. एकच वाक्य. पण ते माझं होतं, आणि मी खुर्चीत सरळ बसले.

एक फॉर्म भरून घेतात, तो मला फार आवडला. वय किती, शिक्षण किती, घरची परिस्थिती काय, पक्षात किती वर्षं, तुरुंगात किती दिवस. मग शेवटी त्याचा अहवाल वाचतात, सगळ्यात लहान प्रतिनिधी कोण, सगळ्यात म्हातारा कोण, कोण किती वर्षं जेलमध्ये होता. माझा तुरुंग एक दिवसाचा, तोही मोर्चात पकडून संध्याकाळी सोडलेला. लिहावा की नाही याचा पाच मिनिटं विचार केला. लिहिला.

आणि मोजणीबद्दल. शेवटच्या दिवशी केंद्रीय समितीचं पॅनेल मांडतात. बहुतेक वेळा ते तसंच पास होतं. त्या वेळी नाशिकचे कामगार नेते डी. एल. कराड उभे राहिले. मग मतपत्रिका वाटल्या, गुप्त मतदान झालं, कराडांना ३१ मतं पडली, पॅनेल निवडून आलं. एम. ए. बेबी सरचिटणीस झाले. आमच्या राज्याचा माणूस असल्यानं जेवणाच्या रांगेत सगळे आमच्याकडेच बघत होते. मी कुणाला दिलं ते विचारू नका. पण तुमच्या आईंना सांगा, मोजलं.

कडक_भाकरी

ताई, ते ऑफिसात गोधडी का? सोलापुरात बसून चादर म्हणायचं सोडून गोधडी म्हणलालाव. निषेध.

हजारी

चादर विकायला असते दादा. बसायला गोधडीच.

आणि तिकडं "सोलापूर" म्हटलं की चादर नाही आठवत कुणाला. "घरं?" असं विचारतात. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत, विडी कामगार बायकांची दहा हजार घरं, आणि आता रे नगरची तीस हजारांची योजना. केरळच्या एका बाईनं मला विचारलं, तुझं घर त्यातलंच का? हो म्हटल्यावर तिनं माझ्यासोबत फोटो काढून घेतला. फोटो माझा नव्हताच, घराचा होता.

नंदीध्वज

रे नगरच्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हातून मिळाल्या, हेही लिहा की ताई.

हजारी

लिहिते. आणि त्याआधी किती मोर्चे निघाले तेही तुम्ही लिहा.

संपादक

घरांवर स्वतंत्र धागा आहे. इथं अधिवेशन.

नंदीध्वज

बरं. मी भाजपचा. आमच्या घरात अधिवेशनाच्या दोन पिढ्या आहेत, त्यामुळे तुलना करता येते.

वडील १९८० च्या डिसेंबरात मुंबईला गेले होते. पक्ष एप्रिलात स्थापन झालेला, पहिलं अधिवेशन वांद्रे रेक्लमेशनच्या मैदानावर, अटलजी अध्यक्ष. वडील वळकटी घेऊन गेले होते, वळकटीत अर्थातच चादर. समुद्राचं वारं, तंबू, आणि एका ओळीत मांडलेल्या बादल्या. त्यांना भाषणांपेक्षा एकच गोष्ट लक्षात होती. न्यायमूर्ती छागला व्यासपीठावर आले. संघाशी काही संबंध नसलेला, मुस्लिम घरात जन्मलेला, नेहरूंच्या मंत्रिमंडळात राहिलेला माणूस पाहुणा म्हणून येतो आणि या पक्षाबद्दल बरं बोलतो, याचं वडिलांना शेवटपर्यंत अप्रूप होतं. शेवटच्या आजारात माणसांची नावं विसरायचे, छागला विसरले नाहीत.

मी गेलो १७ आणि १८ फेब्रुवारी २०२४ ला, दिल्लीत भारत मंडपम. वातानुकूलित सभागृह, कार्ड टेकवलं की दार उघडतं. वळकटी नेली असती तर दारातच अडकलो असतो. हजारो प्रतिनिधी आणि सगळं मिनिटाला मिनिट. तुमच्यासारखा कागद माझ्या खिशात नव्हता, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे समज अशी की इथं ऐकायला यायचं, मग बूथवर जाऊन सांगायचं. लोकसभेच्या ३७० जागांचं लक्ष्य दिलं गेलं, ते घेऊन आलो आणि पन्नापर्यंत, म्हणजे मतदार यादीच्या एकेका पानापर्यंत, पोचवलं. निकालानंतर मला त्या आकड्यावरून अजून चिडवतात, चिडवा.

एक प्रसंग मात्र. १८ तारखेलाच जैन मुनी आचार्य विद्यासागर महाराजांनी डोंगरगढला देह ठेवल्याची बातमी आली. पंतप्रधान त्यांच्याबद्दल बोलताना गहिवरले. माझ्या शेजारी फलटणचा एक जैन कार्यकर्ता होता. तो हुंदका देऊन रडायला लागला. महाराज मूळचे सदलग्याचे, म्हणजे आपल्या सीमाभागातले. आम्ही दोघं एकमेकांना ओळखत नव्हतो. मी त्याचा हात धरून बसलो. त्या दोन दिवसांत मी "केलं" असं म्हणण्यासारखं तेवढंच.

जुनं_गाव

सुंदर प्रतिसाद. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

एक_शंका

या सगळ्याचा खर्च कोण करतं? खरं सांगा.

मागवाला

गाडीभाडं माझं. राहायची, जेवणाची सोय आयोजकांची. पाच दिवस माग मेव्हण्यावर सोडले, त्यात जे नुकसान झालं त्याचा हिशेब बायकोनं ठेवलाय, तो इथं देत नाही.

हजारी

आमच्या शाखेनं वर्गणी काढली. दहा-वीसच्या नोटा होत्या. त्या नोटा मोजताना वाटलं, आता झोपून चालणार नाही.

इलिनॉयकर

मूळ मुरारजी पेठ, आता शिकागोजवळ. २०२४ च्या ऑगस्टात डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन आमच्याच गावात होतं, १९ ते २२, युनायटेड सेंटरमध्ये. मी डेलिगेट नव्हतो, स्वयंसेवक. एका राज्याच्या मंडळींना हॉटेलातून बसपर्यंत नेणं, एवढंच काम. पण जवळून पाहिलं म्हणून लिहितो.

तिथंही आईंचा प्रश्न लागू आहे. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचं अधिकृत मतदान अधिवेशनाच्या दोन आठवडे आधीच ऑनलाइन उरकलेलं होतं. कारण ओहायो राज्याची मतपत्रिकेवर नाव घालायची मुदत. मग मंगळवारी सभागृहात जी हजेरी झाली ती निव्वळ सोहळा. एकेका राज्याचं नाव पुकारायचं, त्या राज्याचं गाणं वाजायचं, आणि कुणीतरी माइकवर "आमची इतकी मतं" म्हणायचं. डीजे होता चक्क. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याशेजारी उभं राहून कीर्तन ऐकावं तसं वाटलं, पण मजा आली हे कबूल.

डेलिगेट लोक हॉटेल आणि विमानाचा खर्च बहुतेक स्वतःच करतात. एक शिक्षिका होत्या, वर्षभर पैसे साठवून आलेल्या. रोजचा पास रोज नवा, सकाळी राज्याच्या नाश्त्याला गेलात तर हातात पडतो. म्हणजे रात्री जागलात तरी सकाळी उठणं भाग. मला ही युक्ती फार आवडली, आपल्याकडे कुणीतरी करा.

आणि बोलण्याबद्दल. गाझाच्या प्रश्नावर "अनकमिटेड", म्हणजे कुठल्याच उमेदवाराला न बांधलेले, म्हणून निवडून आलेले तीसेक डेलिगेट होते. एका पॅलेस्टिनी-अमेरिकन व्यक्तीला व्यासपीठावरून बोलू द्या, एवढीच मागणी. ती मान्य झाली नाही. मग ते बुधवारी रात्री सभागृहाबाहेर फरसबंदीवरच बसले, रात्र तिथंच काढली. आत फुगे पडले ते गुरुवारी. मी ड्यूटी संपवून घरी जाताना त्यांना पाहिलं. गळ्यात आत जायचे पास होते आणि ते बाहेर बसले होते.

पार्क_चौपाटी

सगळ्यांना नमस्कार. मी २६ वर्षांचा, पक्ष सांगत नाही, संपादक साहेब ओरडतील. पुढच्या वेळी आमच्या तालुक्यातून माझं नाव जायची शक्यता आहे. पहिल्यांदाच. काय न्यावं, कसं वागावं, सांगाल का? भीती वाटते म्हणत नाही, पण वाटते.

कडक_भाकरी

जुने बूट ने बे. धाग्याचा सारांश तोच आहे.

नंदीध्वज

ओळखपत्राची झेरॉक्स आणि फोटो दोन-दोन ठेव. फोनची बॅटरी वेगळी ने. पुढाऱ्यांसोबत फोटो काढण्यात पहिला दिवस घालवू नकोस, तिसऱ्या दिवशी ते दमलेले असतात आणि आपोआप भेटतात. दुसऱ्या राज्यातल्या किमान पाच जणांचे नंबर घे. माझा आसामचा एक मित्र तिथंच झालाय, त्याच्याकडून चहा येतो, मी टॉवेल पाठवतो.

हजारी

कागदपत्रं आधी वाचून जा. तिथं वाचू म्हणशील तर वाचणार नाहीस. आणि पहिल्या दिवशीच बोलायला नाव दे. दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट होते. मागवाला दादांचं बघितलंस ना.

मागवाला

ताई, लागलं. पण खरं आहे.

जुनं_गाव

मागवाला, तो कागद आहे का अजून? इथं टाका की. तेवढाच मांडवाबाहेर पडेल.

मागवाला

शोधला. खादीच्या जाकिटाच्या आतल्या खिशात होता, तीन वर्षांत जाकीट एकदाच धुतलं असावं. हिंदीत होता, मराठी करून टाकतो. मोठेपणा कापलाय, काम तेवढं ठेवलंय.

"सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. पण ते विणणारा बहुतेक धंदा सहा, बारा, चोवीस मागांच्या शेडमध्ये चालतो. सुताचा भाव आठवड्यात दोनदा हलतो. टॉवेलची ऑर्डर मात्र महिना-दोन महिने आधी ठरलेल्या भावानं द्यावी लागते. मधली तूट छोट्या मागवाल्याच्या अंगावर पडते. मोठ्याला सूत साठवता येतं, आम्हाला येत नाही. म्हणून छोट्या मागधारकांसाठी ठरल्या भावानं सूत देणारी डेपोची व्यवस्था असावी. जुना माग काढून नवा घ्यायला कर्ज हवं, ते घरदार तारण न मागता. आणि विजेचा दर वर्षभरासाठी एकदाच ठरावा, म्हणजे आम्ही भाव सांगताना खोटं पडणार नाही."

एवढंच. दोन मिनिटांत झालं असतं.

नंदीध्वज

पक्ष बाजूला ठेवून, अनुमोदन. सुताचा मुद्दा शंभर टक्के. माझ्या चुलत्याची शेड याच तुटीत गेली.

हजारी

चांगलाय. पण दुरुस्ती आहे.

तुमच्या कागदात मागवाला आहे, माग आहे, सूत आहे, वीज आहे. माग चालवणारा कुठाय? त्याची मजुरी विणलेल्या मालावर. वीज गेली, सूत कच्चं निघालं, ताण्याच्या सुताचा बीम बदलायला वेळ गेला, की त्याचे हात रिकामे आणि मजुरीही नाही. रात्रपाळीला बारा तास उभा राहून जेवढे नग निघतील तेवढेच पैसे. तर शेवटी एवढं जोडा : "वीज किंवा सुताअभावी माग बंद राहिल्यास त्या तासांची किमान मजुरी कामगाराला मिळावी."

मागवाला

ताई, वीज गेली तर माझंही नुकसान होतं. मी ती मजुरी कुठून देणार? मीच तुटीत आहे हे तर कागद सांगतोय.

हजारी

तुम्ही द्या असं कुठं लिहिलंय? "मिळावी" लिहिलंय. कोण देणार ते भांडून ठरवू. पण आधी कागदावर तर येऊ दे.

नंदीध्वज

मूळ कागदाला अनुमोदन कायम. दुरुस्तीला विरोध. "मिळावी" लिहिलं की शेवटी शेडवाल्याच्याच दारात येतात.

इलिनॉयकर

दुरुस्तीच्या बाजूनं एक.

जुनं_गाव

दुरुस्तीच्या बाजूनं.

कडक_भाकरी

माझा हात वर. आणि मी मोजलालो, कुणी विचारू नये : बाजूनं चार, विरोधात एक, मागवाला मालक गप्प बसलेत.

पार्क_चौपाटी

मला मत आहे का?

कडक_भाकरी

तू डेलिगेट हैस की बे. टाक.

पार्क_चौपाटी

मग बाजूनं.

मागवाला

दोन दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. रागावलो नव्हतो, विचार करत होतो. काल रात्रपाळीला शेडमध्ये गेलो तेव्हा वीज गेलेली होती आणि पोरं पायऱ्यांवर मोबाइलच्या उजेडात बसली होती. दुरुस्ती घेतो. "कामगाराला" च्या आधी "शासनाच्या योजनेतून" असे दोन शब्द घालतो, तेवढी सूट मला द्या.

आज सकाळी आईला पूर्ण कागद वाचून दाखवला, ताईंच्या वाक्यासकट. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "कांड्या भरणाऱ्या बायका राहिल्या की."

आई लग्नाआधी कांड्याच भरायची, म्हणजे मागासाठी कांड्यांवर सूत गुंडाळायची, घरी बसून. तिच्या मजुरीचा कुठल्याच कागदात उल्लेख नव्हता, माझ्याही नाही. तेवढं वाक्य लिहितो आणि रात्री परत टाकतो.